पोटातला आवर : प्रस्तावना

पचनाबद्दल आपण बोलतो ते बहुधा ताकदीच्या भाषेत. तरुण पोराला दगडही पचतील असे म्हणतो, म्हातारपणी पचनशक्ती खालावली म्हणतो, जेवण जड झाले की अग्नी मंद झाला असे ठरवून ओवा, सुंठ किंवा आल्याचा रस पुढे करतो. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीनेही हीच समजूत पक्की होते. तोंडात लाळ, जठरात आम्ल, पुढे पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस. प्रत्येक टप्प्यावर अन्नाचे आणखी बारीक तुकडे आणि शेवटी रक्तात शोषण. कुठला रस कशावर काम करतो याचा तक्ता पाठ झाला की धडा संपतो. तक्त्यात चूक काही नाही. पण तेवढ्याने ज्याला पचनसंस्था कळली असे वाटते, त्याने दोन प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. मांस विरघळवणारे हे रस ज्या अवयवांत तयार होतात ते अवयवही मांसाचेच आहेत, मग ते का विरघळत नाहीत? आणि पंधरा-वीस मिनिटांत उरकलेले जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास का लागतात? तक्ता इथे गप्प बसतो, कारण ही उत्तरे रसांच्या ताकदीत नाहीत. अन्न फोडण्याची ताकद शरीराकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. नाजूक आणि मोलाचा आहे तो त्या ताकदीवरचा आवर : केव्हा सोडायचे, किती सोडायचे, केव्हा थांबायचे. पचनसंस्थेचा अभ्यास या आवरापासून सुरू करावा, असे माझे म्हणणे आहे आणि पुढची सारी प्रकरणे त्याच धोरणाने लिहिली आहेत.

ताकद मुबलक आहे हे आधी दाखवायला हवे, नाहीतर पुढचे सगळे हवेत राहील. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी १९७३ मध्ये स्वादुपिंडाच्या रुग्णांची मोजमापे प्रसिद्ध केली. चरबी फोडणाऱ्या विकराचा स्राव नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली घसरेपर्यंत या रुग्णांच्या शौचातून न पचलेली चरबी बाहेर पडत नव्हती. म्हणजे कारखान्याचा नऊ-दशांश भाग बंद पडला तरी माल तयार होत होता. त्याआधी १८९७ मध्ये झुरिचच्या कार्ल श्लाटर या शल्यविशारदाने एका कर्करोगग्रस्त स्त्रीचे संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली होती. ती स्त्री त्यानंतर वर्षभराहून अधिक जगली आणि जेवलीसुद्धा. ज्या अवयवाला आपण पचनाचे मुख्य ठिकाण मानतो तो काढल्यावरही प्रथिने पचतात, पिष्ट पदार्थ पचतात. पुढचे आतडे आणि स्वादुपिंड ते काम निभावून नेतात. मग जठर गेलेल्या माणसाचे नेमके काय बिघडते? ब-१२ जीवनसत्त्व शोषण्यासाठी लागणारे एक प्रथिन जठरात तयार होते, ते मिळेनासे होते, त्यामुळे जन्मभर इंजेक्शने घ्यावी लागतात. पण रोजचा खरा त्रास वेगळाच असतो. गोड किंवा पातळ काही खाल्ले की ते सगळे एकदम आतड्यात कोसळते, त्याच्या ओढीने शरीरातले पाणी आतड्यात उतरते, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, आडवे व्हावेसे वाटते. एक-दोन तासांनी रक्तातली साखर खाली घसरते आणि हातपाय कापू लागतात. या अन्नात न पचण्यासारखे काही नसते. ते नको तितक्या वेगाने आलेले असते. जठर गेल्यावर माणसाला जे हरवल्याचे कळते ते आम्ल नव्हे. कोठार आणि त्याचे दार हरवलेले असते.

हे दार, म्हणजे जठराच्या खालच्या टोकाशी असलेला पायलोरस नावाचा जाड स्नायूंचा वळसा, कोणाच्या हुकमाने उघडते हे पाहण्यासारखे आहे. जठर भरले म्हणून ते उघडते असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात त्याची लगाम पुढच्या भागाच्या हातात असते. लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग, म्हणजे आद्यांत्र, आपल्यात आलेल्या प्रत्येक चमचाभर द्रवाची परीक्षा घेतो. त्यात आम्ल किती, चरबी किती, साखर आणि क्षार किती दाट, हे त्याच्या अस्तरातल्या पेशी ओळखतात आणि त्यानुसार जठराला मागे संदेश जातो की जरा थांब. कालव्याच्या आवर्तनात वरच्या धरणात पाणी किती साठले यावर नव्हे, तर खालच्या चारीला किती झेपेल यावर दरवाजा ठरत असेल, तर तो जसा चालेल तसे हे काम आहे. त्यामुळे साधे पाणी जठरातून झपाट्याने निघून जाते, वरण-भात त्याहून सावकाश आणि तुपात न्हालेली पुरणपोळी फारच सावकाश. मोजमापांवरून असे दिसते की जेवण कसेही असो, जठर साधारण मिनिटाला दोन ते तीन किलोकॅलरी या बेताने ते पुढे सोडते. सहाशे किलोकॅलरींच्या जेवणाला त्या हिशेबाने तीन ते पाच तास लागतात. घन पदार्थांना आणखी एक अट असते. जठराच्या तळाशी मिनिटाला तीन या लयीने आकुंचनाच्या लाटा येतात, त्यांत घास घुसळला जातो, आणि एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण असेल तर तो बंद दारावरून मागे फेकला जातो. याहून खाली, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातही असाच एक आवर आहे. तिथपर्यंत न शोषलेली चरबी पोचली तर याचा अर्थ वर घाई झाली आहे. लगेच वरच्या सगळ्या मार्गाची चाल मंदावते. आपण ज्याला जड जेवण म्हणतो त्यातले जडपण बरेचसे या रोखण्याचे असते. ते पोटाचे अपयश मानणे अन्यायाचे आहे.

ही गोष्ट माणसाला कळायला लागलेला काळही सांगण्याजोगा आहे. पोट अन्न दळते की विरघळवते हा वाद अठराव्या शतकात युरोपात रंगला होता, आणि इटलीतल्या स्पालांझानीने जठररस पोटाबाहेरही मांस विरघळवतो हे दाखवून तो जवळजवळ मिटवला होता. पण जिवंत माणसाच्या पोटात डोकावण्याची संधी मिळाली ती १८२२ मध्ये. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले, पण जखम भरताना पोटाच्या भिंतीत एक कायमचे भोक राहिले. त्यातून बोमाँट दोरीला बांधून अन्न आत सोडत, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहत. १८३३ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे छापली. सेंट मार्टिनला या प्रयोगांसाठी ज्या परिस्थितीत राहावे लागले ती आजच्या नीतिनियमांत बसणार नाही. त्याच्या वेदनेवर हे ज्ञान उभे आहे, हे ते वापरणाऱ्याने विसरू नये. बोमाँटना आठवतात ते जठरात आम्ल आहे हे पक्के करणारे म्हणून. मला त्यांच्या दुसऱ्या दोन नोंदी जास्त मोलाच्या वाटतात. एक, उपाशी जठरात हा रस साठून राहत नाही. अन्न आले की तो पाझरू लागतो. दुसरी, सेंट मार्टिन संतापला की जठराच्या अस्तराचा रंग आणि स्राव बदलतो. रस काय करतो याबरोबरच तो केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, हा प्रश्न इथे पहिल्यांदा नीट मांडला गेला.

त्याचे पहिले मोठे उत्तर सेंट पीटर्सबर्गहून आले. इव्हान पावलॉव्ह यांचे नाव आपल्याला घंटा आणि कुत्रा यांमुळे ठाऊक आहे, पण त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनावरच्या कामासाठी. त्यांनी कुत्र्याची अन्ननलिका मानेशी बाहेर काढली. कुत्रा खायचा, घास मानेतून खाली पडायचा, जठरात कणही पोचायचा नाही, तरी काही मिनिटांतच जठरात रस वाहू लागायचा. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूंच्या दोन शाखा कापल्या की हा रस थांबायचा. निष्कर्ष सरळ होता : पचनाची सूत्रे मज्जातंतूंच्या हाती आहेत. आद्यांत्रात आम्ल पोचले की स्वादुपिंड आपला क्षारयुक्त रस सोडते, हेही पावलॉव्हच्या प्रयोगशाळेत दिसले होते आणि तेही मज्जातंतूंच्याच खात्यावर मांडले गेले होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी जानेवारी १९०२ मध्ये हे तपासायला घेतले. बेशुद्ध कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा त्यांनी सगळ्या मज्जातंतूंपासून तोडला. रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. त्या तुकड्यात आम्ल घातले. स्वादुपिंडाचा रस तरीही वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात वाटून, गाळून, त्याचा अर्क दुसरीकडच्या शिरेत टोचला. पुन्हा रस वाहिला. संदेश रक्तातून जात होता. त्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन म्हटले, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा दूतांसाठी हार्मोन ही संज्ञा वापरली, जिला आपण संप्रेरक म्हणतो. आज इन्सुलिन, थायरॉईड, ॲड्रेनलिन ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत. पण संप्रेरक या कल्पनेचा पाया आतड्याच्या खरवडलेल्या अस्तरात घातला गेला. शरीरातल्या संदेशव्यवस्थेचा एवढा मोठा शोध पोटात लागावा हा योगायोग नाही. जिथे आवर सर्वांत जास्त लागतो तिथेच तो आधी सापडला.

सिक्रेटिनच्या कामात एक गोष्ट आणखी बघावी. आम्ल आले म्हणून ते स्रवते. त्याच्यामुळे स्वादुपिंडाचा क्षार येतो. क्षाराने आम्ल निवते. आम्ल निवल्यावर सिक्रेटिनचे कारणच उरत नाही आणि ते थांबते. काम पुरे झाल्याची खूण त्या कामातच आहे. नंतर सापडलेल्या बहुतेक संप्रेरकांत ही घडण दिसते. जठरातले गॅस्ट्रिन आम्लाला चालना देते आणि आम्ल पुरेसे झाले की शेजारच्या पेशींतले सोमॅटोस्टॅटिन गॅस्ट्रिनला दाबते. चरबी पाहून आद्यांत्रातून कोलेसिस्टोकायनिन निघते, ते पित्ताशय आकुंचित करते, स्वादुपिंडाकडून विकरे मागवते, आणि त्याच वेळी जठराला थोपवते, पोट भरल्याची जाणीवही देते. पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे रस स्वतःच्याच अवयवाला का खात नाहीत याचे, उत्तरही याच घडणीत आहे. स्वादुपिंडातले प्रथिनभक्षक विकर ट्रिप्सिन हे जन्मतः ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात असते. त्याला जागे करणारे एंटरोकायनेज आतड्याच्या भिंतीवर असते, स्वादुपिंडात नसते. चुकून आतच थोडे जागे झालेच तर त्याला पकडणारे प्रथिन सोबत असते, आणि ट्रिप्सिनच्या रेणूत स्वतःलाच तोडून निकामी करण्याची एक जागा असते. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या स्वादुपिंडाला सूज येण्याचा आजार दिसतो. १९९६ मध्ये त्यांच्यातला जनुकीय दोष सापडला तो नेमका या जागेचा. या लोकांचे ट्रिप्सिन इतरांपेक्षा अधिक जोरकस नव्हते. त्याला थांबायचे कसे हे ठाऊक नव्हते, एवढेच.

तरी आवराची सर्वांत ठाम साक्ष मला आतड्याच्या मज्जातंतूंत दिसते. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी पसरली आहेत. त्यांतल्या पेशींची संख्या दहा कोटींच्या पुढे जाते, म्हणजे मेरुरज्जूच्या तोडीची. शरीरातून वेगळा काढून कोमट द्रावणात ठेवलेला आतड्याचा तुकडाही आतून ताण दिला की वरच्या बाजूला आकसतो आणि खालच्या बाजूला सैल होतो, म्हणजे आतला ऐवज योग्य दिशेने ढकलतो. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये आतड्याचा हा नियम मांडला, आणि १९२१ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी या जाळ्याला स्वायत्त मज्जासंस्थेचा स्वतंत्र विभाग म्हणून स्थान दिले. मग या चेतापेशी नसत्याच तर आतडे लुळे पडेल असे आपल्याला वाटेल. निसर्गाने हा प्रयोग करून ठेवला आहे. सुमारे पाच हजारांत एका बाळात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या चेतापेशी पोचलेल्याच नसतात. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले : पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, शौचाला होत नाही. कित्येक दशके शल्यविशारद तो फुगलेला भागच रोगी समजून काढत राहिले आणि मुले बरी होत नव्हती. बॉस्टनच्या ऑर्व्हार स्वेन्सन आणि अलेक्झांडर बिल यांनी १९४८ मध्ये खालचा, दिसायला साधा, अरुंद भाग काढला आणि मुले बरी झाली. चेतापेशी नसलेला भाग सैल नव्हता, तो आवळलेला होता, कायमचा. आतड्याचा स्नायू मोकळा सोडला तर तो आकसून बसतो. त्याला सैल होऊ देणे हे मज्जातंतूंचे काम आहे. अन्ननलिकेच्या खालच्या दाराशी सैल करणाऱ्या चेतापेशी नष्ट झाल्या तर तिथेही हेच होते, घास उतरत नाही. वरचा भाग फुगला म्हणून तोच दोषी, ही चूक त्या काळच्या शल्यविशारदांना माफ करता येईल. पोटाविषयी बोलताना आपणही जोराच्याच बाजूने विचार करतो, आणि तीच चूक पुन्हा करतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो आदराने ऐकायला हवा. जठराग्नीची कल्पना भाबडी नाही, असे कोणी म्हणेल. गीतेच्या पंधराव्या अध्यायात प्राण्यांच्या देहातला वैश्वानर अग्नी अन्न पचवतो असे सांगितले आहे, आपल्याकडे जेवणाला यज्ञकर्म मानण्याची रीत आहे, आणि आयुर्वेदाने तर अग्नीचे चार प्रकार केले : मंद, तीक्ष्ण, विषम आणि सम. त्यांत तीक्ष्ण अग्नीलाही दोषच मानले आहे. चांगला तो सम. म्हणजे आवराची कल्पना आपल्याकडे आधीपासून आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना जोरदार पचन म्हणजे चांगले पचन या आजच्या लोकसमजुतीपेक्षा जुन्या वैद्यांची ही विभागणी निरीक्षणाच्या जवळची आहे. फरक पुढच्या पायरीवर पडतो. अग्नी सम राहतो तो कशाने, आणि बिघडला तर नेमके कुठे हात घालायचा, हे अग्नीच्या कल्पनेतून निघत नाही. चेतापेशी नसलेले आतडे, न थांबणारे ट्रिप्सिन आणि जठर काढल्यावरची घाई हे तीनही बिघाड विषमाग्नी म्हणून एका टोपलीत पडतील, आणि तिघांचे उपाय एकमेकांशी काडीमात्र जुळत नाहीत. लक्षणांच्या वर्णनाला जुनी कल्पना पुरते. दुरुस्तीला यंत्रणा माहीत असावी लागते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा : हा सगळा आवर शेवटी मेंदूचाच आहे, पोट मनाप्रमाणे चालते. पावलॉव्हचा कुत्रा आणि सेंट मार्टिनचा संताप याच बाजूने साक्ष देतात. परीक्षेच्या सकाळी कोणाचे पोट बिघडते, कोणाला भूकच लागत नाही, हे घरोघरी माहीत आहे. मेंदूचा वाटा खरा आहे, पण तो सुरुवात करून देण्याचा आणि प्रसंगी मोडता घालण्याचा. रोजचा कारभार खालीच चालतो. व्हेगसमधले बहुसंख्य तंतू मेंदूकडून पोटाकडे उतरत नाहीत, ते पोटाकडून मेंदूकडे वर जातात. तिथून हुकमांपेक्षा अहवालांचीच वाहतूक मोठी आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो तो पोटाच्या एका मोठ्या रुग्णवर्गामुळे. वर्षानुवर्षे पोट दुखते, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, दुर्बीण, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, आणि कधी डॉक्टरही तसेच सुचवतात. ज्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात त्या या आजारात आतड्याला जखम नसते हे खरे. पण जखम नसणे म्हणजे बिघाड नसणे, हा निष्कर्ष ज्याला पोट केवळ अन्न फोडणारी नळी वाटते त्यानेच काढावा. यांतल्या अनेकांत आतड्याच्या ताणाची जाणीव तीव्र झालेली असते, चाल बदललेली असते, कित्येकांत एखाद्या जुलाबाच्या साथीनंतर हे सुरू झालेले असते. बिघाड नियमनाचा आहे आणि नियमन फोटोत दिसत नाही. या रुग्णांना खोटे ठरवणे ही वैद्यकाची आणि समाजाची मोठी चूक आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. हे सारे जाणून उपयोग काय? उपयोग घराघरातल्या औषधांच्या डब्यात आहे. सकाळी उठल्याबरोबर पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी घेण्याची सवय आज किती जणांना आहे! जिथे गरज आहे तिथे ही औषधे वरदान आहेत. पण आम्ल खाली गेले की सोमॅटोस्टॅटिनचा दाब सुटतो, गॅस्ट्रिन वाढते, आम्लाला चालना देणाऱ्या पेशी तयारीत बसतात; मग महिन्या-दोन महिन्यांनी गोळी अचानक बंद केली की आम्ल आधीपेक्षा जोराने उसळते. कधीही जळजळ नसलेल्या निरोगी स्वयंसेवकांतही हे दिसले आहे. रुग्णाला वाटते, बघा, गोळीशिवाय माझे चालतच नाही. त्याला जे जाणवते ते पुष्कळदा मूळ दुखण्यापेक्षा आवराची उलटी झेप असते, आणि म्हणून अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बेताबेताने सोडावी लागते. मधुमेहाची आणि वजन उतरवण्याची नवी इंजेक्शनेही याच घराण्यातली. साखर शिरेतून दिली तर जेवढे इन्सुलिन स्रवते त्याच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन तीच साखर तोंडाने घेतल्यावर स्रवते, हे १९६० च्या दशकात मोजले गेले. कारण आतडे आधीच स्वादुपिंडाला वर्दी देते. त्या वर्दीतले एक संप्रेरक म्हणजे जीएलपी-१. शरीरातले जीएलपी-१ रक्तात दोन-एक मिनिटांत मोडते. सेमाग्लुटाइडसारखे औषध तोच संदेश आठवडाभर चालू ठेवते. साखर आटोक्यात येते, भूक मंदावते, जठर सावकाश रिकामे होते, आणि काहींना मळमळ-उलट्यांचा त्रासही होतो. दोन मिनिटांसाठी घडलेला आवर सात दिवस धरून ठेवल्यावर असे होणारच, हे आधी कळलेले असेल तर रुग्ण घाबरत नाही आणि डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवण्याचा आग्रह का धरतात हेही त्याला पटते.

या सगळ्यांहून मोठा पुरावा मात्र स्वस्तातला आहे. आपल्या आतड्यात रोज सुमारे नऊ लिटर द्रव येतो. त्यातले दोन लिटर आपण पितो-खातो, उरलेले सात लिटर लाळ, जठररस, पित्तरस, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्राव असतात. शौचातून बाहेर जाते पाव लिटरपेक्षाही कमी. बाकी सगळे परत घेतले जाते. कॉलऱ्यात या जमाखर्चाचे काय होते ते शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात दाखवले. सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूंचा जंतुविरहित अर्क घातला आणि तुकडा पाण्याने भरला. जंतू आतडे कुरतडत नाही. त्याचे विष स्रावाची तोटी उघडी अडकवून ठेवते. आवर गेला, शोषणाची भिंत मात्र शाबूत राहिली. पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात अशी कल्पना मांडली. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की उपाय दिसतो. तोटी बंद करता येत नसेल तर साखर आणि मीठ मोजून एकत्र द्या, त्यांच्यामागे पाणी आपोआप आत जाईल. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमेवरच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने मरत होते, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत हे द्रावण कालवून नातेवाईकांच्या हाती पेले दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. आपल्याकडे ज्याला जलसंजीवनी म्हणतात ते हेच. त्यात जुलाब थांबवणारे काही नाही, जंतू मारणारे काही नाही, पचनशक्ती वाढवणारे तर नाहीच. शरीराचा एक आवर तुटलेला असताना दुसरा शाबूत मार्ग ओळखून त्याने काम करून घेणे, एवढेच त्यात आहे, आणि त्याने वाचलेल्या मुलांची गणती कोटींत होते.

म्हणून पुढची प्रकरणे तोंडापासून सुरू होऊन गुदद्वारापाशी संपत नाहीत. पहिले प्रकरण आद्यांत्राचे आहे, कारण वरच्या आणि खालच्या दोघांनाही तिथून संदेश जातात; जठर त्यानंतर येते आणि दात-लाळ त्याच्याही नंतर. उपाशी पोटाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. जेवणाजेवणाच्या मधल्या वेळात दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक साफसफाईची लाट जाते, आपण जिला पोटात कावळे ओरडणे म्हणतो तो आवाज पुष्कळदा तिचा असतो, आणि काही खाल्ले की ती थांबते. पाठ्यपुस्तकांत या लाटेला सहसा दोन ओळी मिळतात. दिवसाचा केवढा तरी भाग पोट याच अवस्थेत असताना हे बरोबर नाही. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंवरचे प्रकरण मुद्दाम आखूड ठेवले आहे. तिथे आज दावे फार आहेत आणि माणसावर नीट तपासलेले निष्कर्ष त्यामानाने थोडे. प्रत्येक प्रकरणात रसांचा आणि विकरांचा तक्ता आहेच, पण तो शेवटी आहे. विद्यार्थ्यांनी तो आधी पाठ करू नये अशी विनंती आहे. कोण कोणाला थांबवते हे आधी वाचावे.